डावीकडची पांढरी तार

माझा धंदा मोटारी भरण्याचा. मोटार भरायची म्हणजे जळालेल्या पंपातलं काळं पडलेलं तांबं काढायचं, नवी तार गुंडाळायची आणि मोटार पुन्हा पाण्यावर लावून द्यायची. नांदेडात माझं लहानसं दुकान आहे. लोहा, मुदखेड, पार हिमायतनगरकडच्या विहिरींच्या आणि बोअरच्या मोटारी माझ्याकडे येतात. पंचवीस वर्षं तार हाताळतोय. डोळे मिटून दोन बोटांत धरली तरी कितीची आहे ते सांगतो. त्यामुळे तारेच्या बाबतीत कुणी मला शहाणपण शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. गेल्या श्रावणात ते शिकवायला खुद्द माझे वडील पुढे झाले.

बाबा आणि माय लातूरला राहतात. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर माणसं देवदर्शनाला नाहीतर नातवंडांना लागतात, बाबा मोबाइलला लागले. त्यांचा फोन आला तोही नेहमीसारखा मी ऐन कामात असताना.

“आपल्या टर्नटेबलची तार बदलायची हाय,” ते म्हणाले.

“कोणती तार?”

“टोनआर्ममधली.”

टोनआर्म म्हणजे सुई धरून रेकॉर्डवर फिरणारा तो बारीक दांडा. तो आतून पोकळ असतो आणि त्यातून केसाएवढ्या चार तारा जातात. सुईनं उचललेला आवाज त्या खाली पोचवतात. लाल आणि हिरवी उजव्या स्पीकरच्या, पांढरी आणि निळी डाव्याच्या. बाबांनी मोबाइलवर कुठल्याशा परदेशी गृहस्थाचा व्हिडिओ पाहिला होता. त्यानं म्हणे या चार तारा काढून चांदीचा मुलामा असलेल्या घातल्या, आणि आवाजावरचा पडदाच उठला.

“बाबा, तांबं ते तांबं. आवाजाला काय मालूम तार कोणत्या देशातली हाय?”

“तू मोटारी भर. तुला पाणी वर चढल्याशी मतलब.”

हे मला झोंबलं. आख्ख्या तालुक्याची पिकं ज्याच्या तारेवर उभी, त्याला घरात ही किंमत. मी म्हणालो, “बदलतो. पण परदेशी तार न्हाई. माझी तार घालतो, मग बघा.” बाबा लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच हो म्हणायचा त्यांचा स्वभाव नाही. तेव्हाच मला वास यायला हवा होता.

त्यांना हे सगळं कशासाठी हवंय ते मात्र मला माहीत होतं. माय लग्नाआधी नांदेडची. तिच्या वस्तीत एक गायन पार्टी होती, जयंतीच्या दिवसांत गावोगाव जाऊन गाणारी. माय सतरा वर्षांची असताना त्या पार्टीत कोरसला होती, आणि पार्टीनं हैदराबादला जाऊन एक मोठी रेकॉर्ड काढली होती. कव्हरवर मुख्य गायकाचं नाव ठळक, ढोलकीवाल्याचं त्याहून बारीक आणि शेवटी नुसतं ‘व साथी’. कोरसला बाया चार. म्हणजे त्या ‘साथी’तला पाव हिस्सा माझी माय.

पुढे रेकॉर्डच्या प्रती संपल्या, पार्टी मोडली, पण मायचं गाणं काही थांबलं नाही. तांदूळ निवडताना, शिवणयंत्रावर बसलेली असताना, नळाला पाणी यायची वाट बघताना ती गायची. रेडिओवर गाणं लागलं की ती रेडिओच्या एक शब्द पुढे असायची. बाबा डेपोतून येऊन चपला काढता काढता म्हणायचे, “घाई कशाची हाय? गाडी सुटून राहिली का?” आणि माय त्यांच्याकडे न बघता पुढची ओळ धरायची. आमच्या घराचा हा रोजचा आवाज होता. तो जाईल असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, जिवावरचं टळलं, पण आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. अजून येतोय. आता माय बोलते तेव्हा चाळणीतून रवा चाळल्यासारखं ऐकू येतं. बोलायला ती मागे हटत नाही, भांडायला तर नाहीच, पण गाणं तिनं बंद केलं. वर म्हणते, “बरं झालं, तुमच्या कानाला आराम.” बाबा आता चपला काढून गुपचूप आत येतात. मला ते बघवत नाही.

म्हणजे मायचा गाता आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्या रेकॉर्डमध्ये. आणि तिथेही तो ऐकू येत नव्हता. आमच्याकडे स्पीकरचे डबे दोन, त्यातला डावा मुका. मी तिसरीत असताना बाबांनी जुनं टर्नटेबल घरी आणलं, आणि काही दिवसांतच तो डबा बंद पडला. त्या बाजूनं नुसती घरघर यायची म्हणून बाबांनी दोन्ही डब्यांत आवाज वाटून देणारं बटण पुरतं उजव्या डब्याकडे फिरवून ठेवलं. डाव्या डब्यावर प्लास्टिकची फुलं आली, मग गजराचं घड्याळ, मग मायचा सुयादोऱ्याचा डबा. उजव्यातून मुख्य गायक आणि ढोलकी खणखणीत ऐकू यायची. कोरसच्या बाया मात्र शेजारच्या गल्लीत बसून गात असल्यासारख्या.

एवढा वायरवाला पोरगा असून मी तो डबा कधी दुरुस्त का केला नाही, असं कुणीही विचारील. दिव्याखाली अंधार म्हणा. पण मी एक-दोनदा पेचकस घेऊन बसलोही होतो. बाबांनीच उठवलं. “चालू यंत्राला हात लावायचा न्हाई,” हा त्यांचा डेपोतला नियम.

आता तेच म्हणत होते, उघड.

श्रावणात माझ्या दुकानात काम थंडच असतं. वरून पाणी पडत असताना मोटारी कोण जाळतो? एका रविवारी लातूरला गेलो, टर्नटेबल जुन्या गोधडीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन नांदेडच्या बसमध्ये बसलो. निघताना माय दोनदा म्हणाली, “चालूच हाय की ते. खामखा कामून उघडून राहिलास?” मी म्हणालो, बाबांची हौस. अहमदपूरच्या पुढे एका बाईनं माझ्या मांडीवरच्या गोधडीकडे बघून विचारलं, “लेकरू किती महिन्याचं हाय?” मी म्हणालो, “माझ्याहून थोरलं हाय.” लोह्याला उतरेपर्यंत तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

दुकानात टर्नटेबल उपडं घातलं आणि खालची फळी काढली. आत टोनआर्मच्या चार तारा एका बारीक पट्टीवर येऊन बाहेरच्या केबलला मिळत होत्या. लाल, हिरवी, निळी जागेवर. पांढरी पट्टीपासून बोटभर अलीकडे तुटलेली.

मी आयुष्यभर तुटलेल्याच तारा बघतोय. जळून तुटलेल्या तारेचं टोक गोळी झाल्यासारखं होतं. ताणून तुटली की टोक निमुळतं होतं. उंदरानं खाल्ली तर दातांच्या खुणा दिसतात. या तारेचं टोक सपाट होतं, किंचित गोलाई असलेलं. नेलकटरनं कापल्यासारखं. आणि ती लोंबकळू नये म्हणून कुणीतरी तिच्याभोवती गुलाबी धागा गुंडाळून निळ्या तारेशी नीट बांधून ठेवली होती. बारीक, घट्ट गाठ, धागा दातानं तोडलेला. उंदीर एवढे टापटिपीचे नसतात.

मी बाबांना फोन लावला. “पांढरी तार कापलेली हाय. कुणी कापली?”

पलीकडे आधी टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग म्हणाले, “तुला तार बदलायला दिली हाय. चौकशी समिती कामून बसवून राहिलास?” आणि फोन ठेवला.

म्हणजे हे तर ताकाला जाऊन भांडं लपवणं होतं. चांदीची तार, परदेशी गृहस्थ, आवाजावरचा पडदा, सगळं भांडं लपवायला. त्यांना फक्त ती पांढरी जोडून हवी होती. पण मग स्वतः का नाही जोडली? तीस वर्षं एसटीची इंजिनं उघडलेल्या माणसाला एक तार जड होती का? मला कळेना.

तरी काम घेतलं होतं, ते करायला बसलो. जुन्या तारांची कव्हरं इतकी वाळली होती की बोट लावलं की भुगा होई. म्हणजे बदलायला त्या झाल्याच होत्या, व्हिडिओवाला तेवढा खरा. माझ्याकडची सगळ्यात बारीक वाइंडिंगची तार काढली. जुन्या तारेच्या शेपटाला नवी बांधून, पायजम्यात नाडा ओवतात तशी हळूहळू दांड्यातून ओढली. चारही आल्या. टोकांना कथलाचे डाग दिले. मीटर लावून बघितलं, चारही बोलत होत्या, पांढरीसुद्धा.

मग हातानं सवयीचं काम केलं. पंचवीस वर्षांत मी एकही वाइंडिंग वार्निश न लावता दुकानाबाहेर पाठवलेलं नाही. तार कितीही चांगली असो, वार्निश लावलं नाही तर ती थरथरते, घासते आणि जळते. आमच्यात म्हणतात, भरलेली मोटार आणि न्हालेलं पोर ओलं सोडू नये. मी ब्रश बुडवला, दांड्याखाली चारही तारा जिथून बाहेर येतात तिथे छान दोन हात मारले, बल्बखाली वाळवलं आणि कौतुकानं बघत बसलो. चकाकत होतं. एवढं देखणं वाइंडिंग मी क्वचितच केलं असेल.

पुढच्या रविवारी लातूरला पोचलो तर बाबांनी आत्याला बोलावून ठेवलेलं. आत्या पलीकडच्याच गल्लीत राहते आणि तिला बोलावलं म्हणजे गावाला बोलावण्याचं कारण उरत नाही. डाव्या डब्यावरची फुलं, घड्याळ, सुयादोऱ्याचा डबा, सगळं बाबांनी आधीच उतरवून ठेवलं होतं. डबा पुसलासुद्धा होता, बटण मधोमध आणलं होतं. माय स्वयंपाकघराच्या दारात हातात उलथनं घेऊन उभी राहिली. आत येईना आणि जाईना.

बाबांनी रेकॉर्डची दुसरी बाजू लावली. सुई टेकली, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. डावा डबा बोलला. नवी तार असो नाहीतर पस्तीस वर्षांनी जोडलेली जुनी बाजू असो, खोलीची रुंदीच वाढली. पेटीचा भाता खालीवर होताना ऐकू येत होता. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. आणि गल्लीपलीकडच्या त्या चार बाया आमच्या खोलीत येऊन बसल्या.

“यातली वहिनी कोणती?” आत्या ओरडली.

“थांब,” बाबा म्हणाले. “शेवटच्या गाण्यात कळतंय.” ते डाव्या डब्याला कान लावून जमिनीवर बसले होते. सत्तरीचा माणूस, मांडी घालून.

दुसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि मुख्य गायक एक ओळ पुन्हा म्हणाला. मग परत म्हणाला. मग परत. सहाव्या वेळी आत्या म्हणाली, “ह्येला पुढचं येत न्हाई का?” मी दांड्याला हलकं बोट लावलं, तो दोन घरं पुढे गेला आणि पुन्हा तिथेच अडला. पुढे ढकललं, मागे आला. माझं देखणं वार्निश चारही तारा एकत्र धरून काडीसारखं ताठ झालं होतं. दांड्याला आत सरकायचं होतं आणि माझी तार त्याला माघारी ओढत होती. शेवटचं गाणं रेकॉर्डच्या अगदी मधाशी. तिथवर तो सात जन्मांत पोचला नसता.

“वार्निश मारलंस?” बाबांनी विचारलं.

मी खाली वाकून दांड्याखालचं ते चकाकतं वार्निश नखानं खरवडायला लागलो.

“अरे, मोटार भरलीस की रे तू!”

सगळ्यात आधी माय हसली. तिच्या त्या चाळणीतल्या आवाजात, उलथनं दाराच्या चौकटीवर आपटत हसली. आत्या हसली, शेवटी मीही हसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त बाबा हसले नाहीत. त्यांनी दांडा उचलून जागेवर ठेवला, रेकॉर्ड फडक्यानं पुसली आणि कव्हरात घातली. मायनं मात्र लगेच सगळ्यांना चहा टाकला, मला साखर जास्त घातली. मला ते जरा विचित्र वाटलं. पोराचं काम फसलं म्हणून इतका आनंद?

आत्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. सुयादोऱ्याचा डबा ओट्यावरच होता. त्यात गुलाबी रीळ होतं.

“माय, ती पांढरी तार तू कापलीस का?”

ती भाकरीचं पीठ मळत होती, ते मळतच राहिली. “हाव.”

“कामून?”

मग तिनं सांगितलं. हैदराबादला शेवटचं गाणं राहिलं होतं, आणि रेकॉर्डिंगच्या खोलीची वेळ संपत आली होती. कोरसला एका जागी ‘उजेड’ हा शब्द चौघींनी एकदम उचलायचा होता. माय घाईत एकटीच आधी सुरू झाली. तिघी मागून आल्या. पुन्हा गायला वेळ उरला नाही, रेकॉर्ड तशीच निघाली. मुख्य गायक परतीच्या गाडीत तिच्याशी एक शब्द बोलला नाही. आणि पुढे दर जयंतीला वस्तीत भोंग्यावर ती रेकॉर्ड लागली की त्या जागी पोरंठोरं ओरडायची, “आली आगाऊ, आली आगाऊ!” लग्न होऊन लातूरला आली तेव्हा तिला वाटलं, सुटले. तर नऊ वर्षांनी बाबा ते टर्नटेबल आणि तीच रेकॉर्ड हौसेनं घरी घेऊन आले.

“त्यांनी लावली,” माय म्हणाली. “ती जागा आली, अन् त्ये हसले. बाकी कुणी बी हसू दे रे. त्ये हसले.”

आठ दिवसांनी बाबांनी तेल घालायला टर्नटेबल डब्यांच्या तारा न काढता तिथेच उपडं ठेवलं, फळी काढली आणि तेल आणायला गेले. तेवढ्यात तिनं ते काम केलं. कोरस डाव्या डब्यातून येतो, हे तेवढ्या दिवसांत तिनं ऐकून ठेवलं होतं. चार तारांतून बरोबर तीच कशी सापडली विचारलं तर म्हणाली, “एक-एक हालवून बगितली, डबा कवा गुरगुरतंय ते.” मला ही अक्कल कुणाकडून आली ते तेव्हा कळलं.

“आता तर आवाजच गेला,” पीठ मळता मळता ती म्हणाली. “जगात एक उरला, अन् त्यो बी चुकलेला. नको जोडू लेकरा. त्यांना म्हण, तार जळली.”

मला रडू आलं. मी पाणी प्यायचं निमित्त करून माठाकडे तोंड केलं. एका खोलीत बाबांना तो आवाज हवा होता आणि दुसऱ्या खोलीत मायला तो नको होता, आणि दोघांच्या मध्ये मी पेचकस घेऊन उभा होतो.

नांदेडला परत येऊन मी नाक मुठीत धरून ती परदेशी तार मागवली. पार्सल आलं, त्यात काडेपेटीएवढ्या डबीत चार तारांचं वेटोळं. तळहातावर घेतलं आणि माझी पंचवीस वर्षांची ऐट उतरली. मोटारीची तार जशी वाकवाल तशी राहते, तोच तिचा गुण. ही तार कशातच राहत नव्हती. बोटावर टाकली की दोन्हीकडून मुकाट लोंबायची, फुंकर मारली की हलायची. दांड्याला कळणारसुद्धा नाही की आपल्यात काही आहे. तांबं ते तांबं नसतं, हे बाबांना मी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं, वेळेत कळलं.”

त्या रविवारी सामान घेऊन लातूरलाच गेलो आणि बाबांसमोरच कामाला बसलो. वार्निश घासून काढलं, नव्या तारा ओवल्या, लाल, हिरवी, निळी जोडली. पांढरी सोडली. ती नीट गुंडाळून, मायच्या डब्यातला गुलाबी धागा घेऊन निळीला बांधून ठेवली. बाबांना काय सांगायचं ते मी बसमध्ये पाठ केलं होतं, तार जळली. खालची फळी बसवायला पेच हातात घेतला तेव्हा बाबा खुर्चीतून म्हणाले, “पांढरी जोडली का?”

माय दारातच होती.

“ती, बाबा...” माझं पाठांतर तिथेच अडलं.

“त्यो धागा मला त्याच दिवशी दिसला व्हता,” बाबा म्हणाले. माझ्याशी नाही, दाराशी बोलत होते. “तेल घालायला फळी काढलेलीच व्हती. गुलाबी धागा. तुझ्या पोलक्याचाच.”

माय दारातूनच म्हणाली, “मंग जोडली कामून न्हाई तुमी? इतकी वर्सं?”

“तू कापली व्हतीस ना. मी कसा जोडू?”

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, “मी हसलो व्हतो. पण तसा न्हाई हसलो. म्हटलं, ही तर आपल्या घरातली घाई हाय. हैदराबादेत बी हीच व्हती. लई खूश झालो म्हून हसलो. सांगायचं राहिलं, मग तू तार कापलीस, मग कसं सांगायचं?”

एवढी वर्षं एका घरात राहून माणसं काय काय सांगायचं ठेवतात. मला दोघांचाही राग आला, आणि दोघांनाही मिठी मारावीशी वाटली. यातलं एकही न करता मी पेच हातात धरून बसलो.

माय पुढे आली, माझ्याजवळ खाली बसली. उलट्या टर्नटेबलमध्ये वाकून बघितलं. मी मारलेली गाठ तिला पसंत पडली नाही, ते तिच्या तोंडावर दिसलं. तिनं नखानं ती सोडली, धागा बोटाला गुंडाळून घेतला.

“जोड,” म्हणाली.

मी डाग दिला. फळी लावली, टर्नटेबल सरळ केलं, बाबांनी बटण मधोमध आहे ना ते बघितलं. या वेळी आत्या नव्हती. बाबा पुन्हा डाव्या डब्यापाशी मांडी घालून बसले, माय त्यांच्या शेजारी. पहिलं गाणं गेलं. दुसऱ्या गाण्यातली ती अडलेली ओळ आली आणि दांडा तिच्यावरून असा निघून गेला की मी मनातल्या मनात त्या परदेशी गृहस्थाची माफी मागितली. तिसरं, चौथं. मग शेवटचं.

ढोलकीचा तुकडा झाला. मुख्य गायकानं ओळ संपवली, श्वास घेतला. आणि त्या श्वासातच एक सतरा वर्षांची मुलगी एकटीच पुढे आली, “उजेड”. स्वच्छ, धीट, कुणाचीही वाट न बघता. अर्ध्या क्षणानं बाकीच्या तिघी धावत तिच्यामागे आल्या. झालं, एवढंच. ज्या चुकीपायी माझ्या मायनं तार कापली ती एवढीशी होती, आणि त्या आख्ख्या रेकॉर्डमध्ये तेवढीच एक जागा होती जिथे कोण गातंय ते ओळखू येत होतं.

बाबा हसले नाहीत. ओठ घट्ट मिटून, कसोशीनं न हसता बसले होते.

“हसा की,” माय म्हणाली.

तेव्हा ते हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. उठून त्यांनी सुई उचलली आणि तीच जागा पुन्हा लावली. ढोलकीचा तुकडा झाला, मुख्य गायक ओळीच्या शेवटाशी आला. आणि अजून त्याची ओळ संपली नव्हती, त्यानं श्वासही घेतला नव्हता, रेकॉर्डमधली मुलगी अजून तोंड उघडायची होती, तोच माझ्या शेजारून चाळणीतल्या रव्यासारखा, फाटका, ओळखीचा आवाज आला, “उजेड”.

“घाई कशाची हाय?” बाबा म्हणाले. “गाडी सुटून राहिली का?”

माय त्यांच्याकडे न बघता पुढची ओळ गात होती.